ॲनफिल्डच्या तिकिटांसाठी एफडी मोडू का?

वाचक कोल्हापूरचे, भावंडांत थोरले. बहीण पुण्यात नोकरीला, धाकटा भाऊ लीड्सला शिकतोय. एप्रिलमध्ये तिघांना मिळून ॲनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या घरच्या मैदानावर, लिव्हरपूलची मॅच बघायची आहे. एक रीसेल (तिकिटं पुन्हा विकणारी) वेबसाइट शेजारशेजारच्या तीन सीट्स प्रत्येकी 350 पौंडांना देतेय, वर 'पैसे परत'ची हमी. त्यासाठी जूनमध्ये मुदत संपणारी तीन लाखांची एफडी मोडावी का, असं त्यांनी विचारलंय.

एफडीचं आधी उरकून टाकू. मोडू नका. जूनला थोडेच महिने राहिलेत, बँकेकडे एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त व्याज पडेल, तेही वापरलेल्या रकमेवरच. मोडलीत तरी नुकसान काही हजारांचंच आहे. खरी जोखीम तिथे नाहीच.

ती आहे त्या वेबसाइटवर. पौंड 120 रुपये धरला तर 1,050 पौंडांचे सव्वा लाख होतात. कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क) आणि त्यावरचा जीएसटी धरून आणखी चार-पाच हजार. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट तिथे उघड पुन्हा विकता येतं, फुटबॉलचं नाही. म्हणून अशा साइटवर बहुतेक वेळा तुमच्या हातात पडतो तो दुसऱ्याच कुणाच्या मेंबरशिपचा मोबाइलमधला पास. क्लबला संशय आला की पास रद्द होतो आणि ते तुम्हाला गेटवर कळतं. हमी खरी निघाली तरी परत काय मिळणार, तर तिकिटाचे पैसे. दोघांची विमानं, व्हिसा, हॉटेल यांचे तीन-साडेतीन लाख कोण देणार?

आता यातली मजा बघा. साध्या मॅचला क्लबचं अधिकृत हॉस्पिटॅलिटी पॅकेज (सीटसोबत खाण्यापिण्याची सोय असलेलं महागडं तिकीट) साधारण याच रकमेत, फार तर थोडे वर घालून मिळतं. सीट्स शेजारी, नाव तुमचं, पावती क्लबची. मँचेस्टर युनायटेड किंवा एव्हर्टनविरुद्धच्या मॅचचा भाव मात्र पार वर जातो, तिकडे बघूच नका. ज्या मॅचचं नाव घेतल्यावर गंगावेशीतले मित्र 'कोण बा हे?' म्हणतील, ती निवडा.

स्वस्त वाट क्लबच्या मेंबरशिपची. तिकीट चाळीस-साठ पौंडांतच पडतं, पण मेंबरशिप तिघांचीही हवी आणि तिकिटं सोडतीने. नंतर एखाददुसरी सुटी सीट हाती लागेलही. तिघांना शेजारी बसायचंय म्हटल्यावर ही वाट मी धरणार नाही. सहल भावंडांची आहे, तिघे तीन स्टँडमध्ये बसून काय करणार?

कुठलंही तिकीट घ्या, तारीख पक्की समजू नका. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, त्यामुळे टीव्हीने निवडलेली मॅच शुक्रवार, रविवार, कधी सोमवारीही सरकते, आणि हा बदल काही आठवडे आधीच कळतो. कपच्या मॅचेसमुळे वेगळी ओढाताण. म्हणून आधी मॅच, मग विमान, आणि विमान तारीख बदलता येणारंच. त्याचे पाच-सात हजार जास्त गेले तर जाऊ द्या. गुरुवारी पोहोचा, मंगळवारी निघा. पॅकेज घेण्याआधी मॅच पुढे ढकलली गेली तर काय, ही अट क्लबच्या साइटवर नीट वाचा.

हातात राहिलेल्या दिवशी मर्सी नदीपलीकडे बर्कनहेडला जाऊन ट्रॅनमिअर रोव्हर्सची मॅच बघा. क्लब खालच्या डिव्हिजनचा, तिकीट सहज मिळतं आणि खिशाला परवडतं. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलेल्या माणसाला तिथलं वातावरण ॲनफिल्डपेक्षा जवळचं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही. धाकटा अजून कमवत नाही, त्याच्या तिकिटाचे पैसे कोण भरणार? तुम्ही आणि बहिणीने निम्मे निम्मे घ्यावेत असं मला वाटतं. पण तिच्याशी हे बुकिंगच्या आधी बोला, ओव्हरड्राफ्ट तुमच्या एकट्याच्या नावावर असणार आहे.