तारण, म्हणजे पापातून सुटका, जर फुकट मिळतं, तर ख्रिस्ती माणसाने चांगल्या गोष्टीसाठी कष्ट आणि त्याग कशाला करायचा?

हा प्रश्न आमच्या घरात जवळपास तीस वर्षं चाललाय. विचारणारा माझा थोरला भाऊ.

करवीर तालुक्यात आमचा एकरभर ऊस होता. शेजारच्या गुऱ्हाळावर पाळी आली की सगळं घर रात्रभर तिथंच. १९९६ च्या हंगामात चुलवाणात, म्हणजे भट्टीत, उसाचं चिपाड सारायचं काम माझ्याकडे होतं. पहाटे डुलकी लागली, जागा झालो आणि घाबरून भसाभस जाळ घातला. रस उकळायची अख्खी काहील करपली. गूळ काळा पडला, ढेप नीट बसेना. पुढच्या काहिलीला आमचे वडील, आण्णा, स्वतः उभे राहिले. भेंडीचं पाणी घालून मळी काढली, गार पाण्यात थेंब सोडून गोळी बघितली. गूळ असा उतरला की गुळव्या म्हणाला, हा मार्केट यार्डात पहिल्या सौद्यात जाईल.

त्याच रविवारी चर्चमध्ये पिकाचं दान द्यायचं होतं. दादा म्हणाला, "काळीच ढेप न्या की. शेवटी चर्चच्या लिलावातच जाणार हाय." आण्णांनी चांगली तीस किलोची उचलली. त्या पैशात माझी सेकंडहँड सायकल यायची होती. वर्षभर पायी शाळेला गेलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

वाटेत आण्णांनी बायबलमधली अरवनाच्या खळ्याची गोष्ट सांगितली (२ शमुवेल २४). देशात मरी आलेली, दावीद राजाला अरवनाच्या खळ्यात देवासाठी वेदी बांधायची होती. अरवना म्हणाला, खळं घ्या, बैल घ्या, सगळं असंच घ्या. दावीद म्हणाला, फुकटातलं मी देवाला वाहणार नाही. पन्नास शेकेल चांदी मोजली त्यानं. चांदीनं देव विकत मिळतो असं नाही. ज्याला माझं काहीच लागलं नाही, ते मी दिलं असं कुठल्या तोंडानं म्हणू?

दादाचं ठरलेलं उत्तर बायबलमधलं इफिस २:८. देवाच्या कृपेनेच तारण, कर्मांनी नाही. बरोबर आहे. पण तो आठवं-नववं वचन वाचतो आणि दहावं यायच्या आत बायबल मिटतो. दहाव्यात लिहिलंय की सत्कृत्यांसाठीच आपल्याला निर्माण केलंय. कृपेच्या नावाखाली आळस पांघरणारे आमच्यात कमी नाहीत. पहिल्या बाकावर बसतात.

चांगल्या गोष्टीला कष्ट लागतातच, अशी जगाची रचना देवानं का केली, हे मला विचारू नका. मी पाळक नाही. आणि हो, आजारपण किंवा नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बाईला कोणी "हा तुझा वधस्तंभ" म्हणत असेल तर ऐकू नका. लूक ९:२३ मध्ये येशू जो वधस्तंभ उचलायला सांगतो, तो ज्यानं त्यानं आपणहून उचलायचा आहे, दुसऱ्यानं लादायचा नाही.

ती काळी ढेप आम्ही घरी वर्षभर खाल्ली. चहाला जळका वास यायचा. सगळ्यात जास्त चहा दादाच प्यायचा.