घरी केलेला भाजलेल्या भाज्यांचा साल्सा पाणचट का होतो?

भाज्या दाटीने ठेवल्या की त्या भाजल्या न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतात आणि साल्सा पाणचट होतो; म्हणून अर्धे चिरलेले टोमॅटो, कांद्याच्या जाड फोडी, मिरच्या आणि सालासकट लसूण ट्रेमध्ये सुटेसुटे पसरून, टोमॅटोच्या सालीवर काळे डाग पडेपर्यंत, २२० अंश सेल्सिअसला सुमारे २५ मिनिटे भाजावेत. लसूण मात्र आधीच काढावा, कारण तो करपल्यास त्याचा कडवटपणा कशानेही झाकला जात नाही. ट्रेमध्ये सुटलेले पाणी बाजूला ठेवून, भाज्या निवाल्यावरच (गरम मिश्रणाची वाफ झाकण उडवते, हे मी भिंत पुसताना शिकलो) मिक्सर थांबत थांबत फिरवावा आणि ते पाणी लागेल तेवढेच घालावे. मीठ, लिंबाचा रस व कोथिंबीर शेवटी.