वजन नॉर्मल आहे पण पोट सुटलंय, चरबीतल्या हार्मोन्सचा रक्तवाहिन्यांवर खरंच परिणाम होतो का?

हो, होतो. तुम्ही लिहिलंय की वजन चार्टप्रमाणे बरोबर आहे, फक्त पोट सुटलंय, आणि डॉक्टर म्हणाले ही चरबी हार्मोन्स सोडते त्याने रक्तवाहिन्या खराब होतात. ते बरोबर बोलले. मी ठाण्यात नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण हे आमच्याच घरात झालं म्हणून वाचत गेले, तेवढं सांगते.

माझा धाकटा दीर ऐरोलीला आयटीत आहे, हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे. कंपनीच्या चेकअपमध्ये बीपी १५०/९६ निघालं तर सासूबाई म्हणाल्या मशीन बिघडलं असेल, हा कुठे जाडा आहे! आपल्याकडे हीच फसगत होते. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये दोघांचा फोटो लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही.

आता हार्मोन्सचं. आपल्याला वाटतं चरबी म्हणजे माळ्यावर टाकलेलं सामान, पडून आहे तर आहे. पण चरबीच्या पेशी दिवसरात्र रक्तात निरोप सोडत असतात. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं तेव्हापासून चरबीला ग्रंथीसारखंच धरायला लागले. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं, ते नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि त्याने नळी सैल राहते, रक्त नीट वाहतं. चरबीतूनच येणारं अ‍ॅडिपोनेक्टिन या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत करतं आणि पांढऱ्या पेशी तिथे चिकटू देत नाही, म्हणजे चांगलं हार्मोन. गंमत बघा, पोटातली चरबी वाढली की हे वाढायला हवं ना, तर ते उलट कमी होतं. पेशी फुगतात, त्यांच्या आसपास मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ असली सूज आणणारी द्रव्यं सुटायला लागतात, आणि आतड्यांभोवतीच्या चरबीचं रक्त थेट यकृताकडे जातं त्यामुळे हा माल आधी तिथे पोचतो आणि यकृत सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन बनवायला लागतं. लेप्टिनचं अजून वेगळंच, ते खूप वाढलं की पोट भरल्याचा निरोप मेंदू नीट ऐकेनासा होतो पण बीपी वाढवणाऱ्या मज्जातंतूंना ते डिवचतच राहतं. वर चरबी अँजिओटेन्सिनोजेन पण बनवते, ज्यापासून नळ्या आवळणारं हार्मोन तयार होतं, आणि पीएआय-१ पण, ज्याने झालेली गुठळी लवकर विरघळत नाही. दिराचं बीपी कुठून आलं ते मला हे वाचल्यावर कळलं.

मग चरबी उपसून काढली तर? हे पण करून बघितलंय, २००४ मध्येच अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांची पोटावरची जवळजवळ १० किलो चरबी लिपोसक्शनने काढली, पण अ‍ॅडिपोनेक्टिन, सीआरपी, बीपी, इन्सुलिनचं काम, काहीच सुधारलं नाही, बहुधा कारण काढली ती कातडीखालची होती, आतली तशीच राहिली. आतली जाते ती चालण्याने आणि खाण्यावर ताबा ठेवल्याने, आणि बरेचदा काटा फारसा हलायच्या आधीच कंबर कमी झालेली दिसते.

म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, उघड्या अंगावर मोजा. पँटचा नंबर सांगू नका प्लीज, पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात आणि सांगतात माझी कंबर ३४! आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात.

अ‍ॅडिपोनेक्टिनची टेस्ट शोधत फिरू नका, त्यावर पैसे घालवायची गरज नाही. बीपी, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) एवढं आधी करा. डॉक्टरांनी एचएस-सीआरपी (त्याच सीआरपीची बारीक टेस्ट) लिहून दिली असेल तर सर्दी-ताप किंवा दाढ दुखत असताना देऊ नका, आकडा उगाच वर येतो आणि माणूस घाबरून जातो, मी काउंटरवर हे रोज बघते.

दीर आता रोज संध्याकाळी उपवनला तलावाभोवती पाऊण तास चालतो, रात्रीचा भात अर्धा केलाय, सिगरेट सोडली. सात महिन्यांत कंबर ९७ वरून ९२ वर आली, वजन मात्र तीनच किलो उतरलं. बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी डोस कमी केलाय, त्याने स्वतःहून बंद केलेली नाही, आणि तुम्हाला चालू झाली तर तुम्हीही करू नका.