अंगठीसाठी हिरा घ्यायचाय, चमक नेमकी कशी बघायची?
लातूर असो की नांदेड, सराफाच्या काउंटरवर स्पॉटलाइट लावलेलेच असतात, त्याच्याखाली काच पण चमकते हो, म्हणून दुकानदार कितीही कौतुक करायलाय तरी खडा घेऊन दारापाशी या, कडक ऊन नको, सावलीतला उजेड पाहिजे, आणि हळूहळू तिरपा करत बघा. काळे-पांढरे तुकडे सगळीकडून उघडझाप करायलेत का? तर चांगलं. मधोमध काळा डाग बसलेला दिसला तर खालचा भाग जास्तच खोल कापलाय, अन् मधे राखाडी गोल कडं दिसलं तर फार उथळ, दोन्ही सोडा.

हा सगळा खेळ कटचा, म्हणजे हिरा कसा कापलाय त्याचा, पैसे तिथंच घाला. गोल हिरा असेल तर जीआयएच्या (हिरे तपासून दर्जा देणारी संस्था) सर्टिफिकेटवर कट 'एक्सलंट' बघा, आणि रिपोर्टचा नंबर बऱ्याचदा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, तो लूपमधून, म्हणजे सराफाच्या भिंगातून, जुळवूनच घ्या (लाजू नका, पैसे आपले जायलेत). कलरचं लई टेन्शन नको, पिवळ्या सोन्यात आय-जे ग्रेडचा, म्हणजे किंचित पिवळसर हिरा पण पांढराच वाटतो. क्लॅरिटीत, म्हणजे आतले डाग-रेषा बघताना, नुसत्या डोळ्याला काही दिसलं नाही की बास.

अन् हो, आधी खडा पुसायला लावा, बोटांचं तेल लागलं की चांगला हिरा पण मरगळलेला दिसतो.