अमेरिकेत लोक आपल्या उमेदवारासाठी मत देतात, की समोरच्याला पाडण्यासाठी?

समोरच्याला पाडायला मत देणारे निम्म्याच्या आसपास असतात. समोरच्या पक्षावरचा हा राग घरात, शेजारात दिसतो का, असंही तुम्ही पुढे विचारलंय. दिसतो. पण रागामुळे लोक मतदानाला जातात असं जे तुम्ही धरून चाललाय, ते मला अर्धंच पटतं.

आधी आकडे. 2016 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी प्यू रिसर्च या जनमत संस्थेच्या पाहणीत रिपब्लिकन पक्षाच्या ट्रम्प यांच्या निम्म्याहून जास्त समर्थकांनी सांगितलं, की आमचं मत मुख्यतः डेमोक्रॅट पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांच्या विरोधात आहे. क्लिंटन यांच्या बाजूलाही असं म्हणणारे निम्म्याला थोडेच कमी होते. 2020 मध्ये डेमोक्रॅट बायडन यांच्या समर्थकांना विचारलं, यांनाच का? 56 टक्के लोकांचं उत्तर होतं, ते ट्रम्प नाहीत म्हणून.

हे पूर्वापार असंच नव्हतं. मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का, असं 1960 मध्ये विचारलं तेव्हा जेमतेम पाच टक्के लोक हो म्हणाले. 2010 मध्ये जवळपास निम्मे रिपब्लिकन आणि एक तृतीयांश डेमोक्रॅट हो म्हणाले. 1960 च्या सुमारास दोन्ही पक्ष भेसळीचे होते. दक्षिणेत कट्टर सनातनी डेमोक्रॅट होते, न्यूयॉर्ककडे उदारमतवादी रिपब्लिकन होते. कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मतदान हक्क कायदा झाल्यावर हळूहळू सगळ्यांची चाळणी झाली, सनातनी रिपब्लिकनांकडे गेले आणि उदारमतवादी डेमोक्रॅटांकडे. आता वंश, चर्च, शिक्षण, शहर की खेडं, या सगळ्यावरून पक्ष ओळखता येतो. पक्ष हरला की माणसाला स्वतःचीच बेअब्रू झाल्यासारखी वाटते. गावाकडे सरपंचाच्या निवडणुकीत भावकी फुटलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

त्यात एकमेकांबद्दलची माहितीही अगदी चुकीची. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारलं होतं, वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणारे रिपब्लिकन किती? लोकांचा अंदाज 38 टक्के होता. प्रत्यक्षात ते दोनेक टक्के आहेत. म्हणजे ज्या माणसाचा राग करायचा, तो बराचसा मनातच तयार केलेला असतो.

आता मतदानाकडे येते. 2020 मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे 66 टक्के लोकांनी मत दिलं, शंभरेक वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा. बायडन यांना 8.1 कोटी मतं, ट्रम्प यांना 7.4 कोटी. रागाने आणि भीतीने माणसं बाहेर काढली, यात शंका नाही. पण त्या वर्षीही आठेक कोटी लोक घरीच बसले. म्हणजे न दिलेली मतं जवळपास विजेत्याइतकीच. माझा जीव तुटतो तो या लोकांसाठी.

मी न्यू जर्सीत ट्रेंटनच्या बाजूला राहते. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया राज्यातली बक्स काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, लागते. 2024 मध्ये तिथे घरोघरी प्रचाराला फिरायला गेले होते. पक्ष सांगत नाही, नाहीतर पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचलं जाईल. फोनवरच्या अॅपमध्ये प्रत्येक घरासमोर नाव, वय, मतदार नोंदणीत स्वतःच सांगितलेला पक्ष आणि मागच्या कोणत्या निवडणुकांत मत दिलं, एवढं दिसतं. कुणाला दिलं ते गुप्त, पण दिलं की नाही ही नोंद इथे गुप्त नसते.

एका घरी चाळिशीच्या बाईंनी दार उघडलं. वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याचं काम करणाऱ्या, नुकत्याच रात्रपाळी करून आल्या होत्या. आत ओट्यावर गुळगुळीत कागदाच्या पत्रकांचा हातभर ढीग होता. प्रत्येकावर समोरच्या उमेदवाराचा काळपट, भेसूर केलेला फोटो. त्या ढिगाखाली त्यांची पोस्टाने आलेली मतपत्रिका पडली होती. "हे सगळं एकदमच टाकणार होते," म्हणाल्या. राजकारणावर बोलायची त्यांची अजिबात इच्छा नव्हती, मीही बोलले नाही. मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालायची, मग बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही आणि तारीख टाकायची, हे दाखवलं. आतलं पाकीट विसरलं तर पेनसिल्व्हेनियात मत बाद होतं. त्या म्हणाल्या, तुम्हीच घेऊन जा. ते मला करता येत नव्हतं. धडधाकट माणसाची मतपत्रिका दुसऱ्याने नेऊन टाकायला तिथे बंदी आहे. पेटी कुठे आहे ते लिहून दिलं. त्यांनी कुणाला मत दिलं, मला माहीत नाही.

त्या बाईंना आणखी एक भेसूर फोटो पाठवून काय होणार होतं? पक्क्या मतदाराला राग घराबाहेर काढतो. काठावरचा माणूस त्याच रागाला कंटाळून दार लावून घेतो, हे मी दारोदार पाहिलं. त्याच्यासाठी कुणीतरी समोर उभं राहून विचारावं लागतं. मिशिगन राज्यात ऑगस्ट 2006 च्या प्राथमिक, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकीआधी संशोधकांनी हजारो घरांना पत्रं पाठवली. त्यांतल्या एका प्रकारच्या पत्रात तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागे मत दिलं का, याची यादी होती, आणि निवडणुकीनंतर नवी यादी सगळ्यांना पाठवू असं लिहिलं होतं. ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं, त्यांच्यात सुमारे 30 टक्के मतदान झालं. हे पत्र मिळालेल्यांत 38 टक्के. पत्रात कुठल्याच पक्षाची निंदा नव्हती. मला ही पद्धत धाकदपटशाची वाटते, मी ती वापरणार नाही. पण माणूस माणसाकडे बघून हलतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आणि हे दार ठोठावणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. 2024 मध्ये सगळं लक्ष सात राज्यांवर होतं, जिथे निकाल कुठेही झुकू शकत होता. पेनसिल्व्हेनिया त्यांतलंच एक. बक्स काउंटी ट्रम्प यांनी अवघ्या काहीशे मतांनी जिंकली, त्यामुळे तिथे दोन्हीकडचे कार्यकर्ते एकाच गल्लीत भेटायचे. नदीच्या अलीकडे आमच्या न्यू जर्सीची 14 इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं, डेमोक्रॅटांची म्हणून धरूनच ठेवलेली. राष्ट्राध्यक्षपदासाठी माझ्या दारावर आजवर कुणीही आलेलं नाही. फिलाडेल्फियाची चॅनेलं मात्र आमच्याकडे दिसतात, त्यामुळे पेनसिल्व्हेनियासाठी केलेल्या शिव्याशापांच्या जाहिराती ऑक्टोबरभर आम्हीही पाहतो.