थेरपीत मूल नुसतं खेळतंय, याला उपचार कसं म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की सहा वर्षांचं मूल थेरपीत नुसतं खेळतं, गोष्टी ऐकतं, मग उपयोग काय. अहो, त्या वयाच्या मुलाला समोर बसवून 'तुला काय वाटतंय' विचारलं तर ते 'काही नाही' म्हणून मोकळं होतं, कारण मनात जे चाललंय त्याला शब्दच नसतात त्याच्याकडे. पण हातात बाहुल्या दिल्या की तेच मूल छोट्या बाहुलीला खोक्यात कोंडतं, आणि थेरपिस्ट तेव्हा 'असं का केलंस' विचारत नाही, एवढंच म्हणतो की हिला आत खूप भीती वाटत असेल ना. खरं काम तिथेच सुरू होतं. आणि हे नवं फॅड पण नाहीये, लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड या मुलांच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकातच वाळूचा ट्रे आणि छोटी छोटी खेळणी देऊन मुलांना आपापलं जग मांडायला दिलं होतं. गोष्टीचंही तसंच, मूल स्वतःबद्दल बोलणार नाही पण अंधाराला घाबरणाऱ्या सशाबद्दल भरभरून बोलेल.

फक्त घरी आल्यावर 'आज काय केलं तिथे' म्हणून खोदून खोदून विचारू नका प्लीज, ती जागा त्याची स्वतःची राहू दे. तुम्हाला शंका असेल तर थेरपिस्टकडे वेगळी वेळ मागा.