ब्युरोची बाई ठेवताना

प्रश्न: आईला (वय 74) पक्षाघात झालाय. नाकातून नळी, लघवीची पिशवी. दोन ब्युरो (घरी नर्स-केअरटेकर पुरवणाऱ्या संस्था) माणूस द्यायला तयार आहेत, दोघेही महिन्याचे पैसे आगाऊ मागतात. कोणाला हो म्हणू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ‘नर्स पाठवतो’ म्हणाले की तिथेच थांबवा. बहुतेकदा येते ती केअरटेकर. अंग पुसणं, डायपर, कूस बदलणं, शिकवलं तर नळीतून भरवणं तिला जमतं. नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) बदलायला, इंजेक्शनला मात्र महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली नर्सच हवी. नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख मागा. दर नर्सचा आणि माणूस केअरटेकर, ही या धंद्यातली नेहमीची चलाखी.

मग विचारा: बाई सकाळी आठला आली नाही, तर बदली किती वाजता? ‘बघतो, पाठवतो’ हे उत्तर नव्हे. बदलीची वेळ कागदावर घ्या, खाड्याचे पैसे कापणार हेही. आगाऊ द्यायचेच तर पंधरा दिवसांचे, ब्युरोच्या खात्यावर. बाईला परस्पर उचल देऊ नका. ती अर्ध्यात गेली की ब्युरो हात वर करतो. आधार आणि पोलीस पडताळणीची प्रत घरात ठेवा.

खरी परीक्षा पहिल्या दोन दिवसांत. भरवताना शेजारी उभे राहा. डोकं 30 ते 45 अंश वर हवं. नळीवरची खूण नाकापाशी जागेवर आहे का, हे ती आधी बघते का? पेज सिरिंजमधून आपसूक उतरू द्यायची, दट्ट्याने रेटायची नाही. नंतर थोडं पाणी, आणि किमान अर्धा तास तसंच टेकून ठेवायचं. लगेच आडवं केलं तर भरवलेलं वर येऊन फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी कमरेखाली, पण फरशीला न टेकलेली.

कूस दर दोन तासांनी. माकडहाड आणि टाचा रोज स्वतः बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर फिका पडला नाही, तर जखम सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे जागा गरम किंवा टणक लागते का, चाचपा. आपल्या एप्रिल-मेच्या घामात रेक्झिनच्या गादीवर हे फार लवकर होतं.

आणि 24 तासांची बाई रात्री झोपणारच, तिचा दोष नाही. रात्रीही कूस हवी तर 12-12 तासांच्या दोघी घ्या. भरवणं, लघवी, कूस यांची वही ठेवा. रात्रीच्या सगळ्या नोंदी सकाळी एका दमात लिहिलेल्या लगेच ओळखू येतात.

प्रश्न: आजारानंतर वडील फक्त तेलुगूच बोलतात. ब्युरो म्हणतो, बाई ‘शिकून घेईल’.
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर: नाही म्हणा. दुखतंय, तहान लागली, लघवी अडकली, हे तिला पहिल्याच रात्री कळायला हवं. सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या बायकांची वाण नाही. पाठवण्याआधी तिला फोनवर घ्या आणि घरातल्या कुणाशी तरी तेलुगूत पाच मिनिटं बोलायला लावा.